केजचा वरचा पाव घेर आणि लॉगबुकची वाट

"छताला लागलेल्या नळीच्या वरच्या अंगाला वेल्ड आहे की नाही, हे कोण बघायला बसलंय?" गाडी उलटली तर ड्रायव्हरला वाचवणारा आतला नळ्यांचा सांगाडा म्हणजे रोल केज, तो बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने मला हे ठणकावून सांगितलं होतं. असं बघायला बसलेला माणूस क्लबच्या पहिल्याच तपासणीला भेटला, आणि पुढचा अर्धा मोसम माझी गाडी झाकून उभी राहिली.

क्लबच्या स्पेक क्लासमध्ये उतरायचं म्हणून टोयोटा ८६ घेतली होती. २ लिटरचं बॉक्सर इंजिन, ताकद मागच्या चाकांना. सगळ्यांच्या गाड्या सारख्या, टायर ठरलेले, सस्पेन्शन ठरलेलं, इंजिनाला हात लावायचा नाही. पैसे ओतून वेग विकत घेता येत नाही, म्हणूनच हा क्लास निवडला. आतलं सामान काढणं, स्प्रिंग-डँपर, ब्रेक पॅड, सगळं बिनबोभाट झालं. ब्रेक ऑइल तेवढं प्रत्येक शर्यतीआधी नवं भरा. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरली की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते, आणि मग ऐन वळणावर पेडल तळाला जातं.

आता केज. बंद छताच्या गाडीत सगळी मारामारी जागेची. ड्रायव्हरच्या मागचा मुख्य हूप, म्हणजे नळीची मोठी कमान, एकाच अखंड नळीचा लागतो आणि तो छताला जितका भिडवाल तितकी डोक्यावर जागा जास्त मिळते. पण भिडवला की वरून वेल्डिंगची टॉर्च जात नाही, आणि नियमाला सांधा पूर्ण घेराने जोडलेला हवा. मियाटासारख्या उघड्या गाडीवाल्यांना ही कटकट नाही. आमच्यासाठीही उपाय आहे, या धंद्यातल्या कोणालाही माहीत असलेला: हूपचे पाय टेकतात तिथे फ्लोअर कापायचं, अख्खा केज त्या भोकांतून खाली सोडायचा, वरचे सांधे गोल फिरून मारायचे, मग केज उचलून पायांखाली जाड पत्र्याच्या पेट्या वेल्ड करायच्या. आमच्या महाशयांनी ही उठाठेव वाचवली. खालून दिसणारा पाऊण घेर देखणा, एकसारख्या खवल्यांचा. वरचा पाव घेर कोरा. आणि वर रंगही मारून दिला, हौसेने.

तपासनीसाने दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसा दांड्याचा छोटा आरसा काढला, नळी आणि छताच्या फटीत सरकवला, बॅटरी मारली. "इथे फट दिसतेय," एवढंच म्हणाला. त्याच्याशी माझं भांडण नाही. संताप आला तो क्लबच्या कचेरीचा. काम चालू असतानाच मी त्यांना फोटो पाठवले होते आणि "केज नियमाप्रमाणे दिसतो" असं लेखी उत्तरही आलं होतं. ते दाखवल्यावर कळलं, फोटोवरून दिलेलं मत बंधनकारक नसतं! मग देता कशाला? बरं, तपासनीस सगळे हौशी, शर्यतीच्या शनिवार-रविवारीच भेटणार. म्हणजे दुरुस्ती झाली तरी पुढची शर्यत येईपर्यंत बसा. त्यात फॅब्रिकेटर म्हणतो, फ्लोअर कापण्याचे पैसे वेगळे. त्या दिवशी आमचा आवाज वर्कशॉपच्या बाहेर ऐकू जात होता.

अखेर रंग खरवडला, फ्लोअर कापलं, केज खाली आला, वरचे सांधे पुरे झाले. फेरतपासणीला दुसराच माणूस. त्याने छताकडे पाहिलंही नाही! नळीला पाडलेल्या बारीक भोकातून भिंतीची जाडी मोजली आणि सही ठोकली.

तेव्हा तपासणी रंगाआधी करून घ्या, आणि जो सही करणार त्यालाच विचारा. नळीचं माप आपल्याच क्लबच्या नियमपुस्तिकेतून घ्या. एफआयए या जागतिक मोटर शर्यत संघटनेच्या नियमांत मुख्य हूपला ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ जाडी, किंवा ५० व्यास आणि २ जाडी चालते. दुसरीकडे वेगळी मापं असतात.

हे आधीच सांगायला हवं होतं: केजच्या आधी सीट बसवा आणि हेल्मेट घालून तिच्यात बसा. खांद्याचे पट्टे मागे सपाट किंवा किंचित उतरते जायला हवेत. ते जिथे बांधतात ती केजची आडवी नळी फार खाली पडली तर धडकेत पट्टे खांदे खाली दाबतात आणि भार मणक्यावर येतो. पट्टे मात्र शेवटी घ्या. माझी गाडी अडकली होती, पट्ट्यांची मुदत थोडीच थांबणार? एसएफआय या अमेरिकी सुरक्षा-मानक संस्थेच्या हिशोबाने तिचे पट्टे बनवल्यापासून दोनच वर्षं चालतात.

किल स्विचवरही, म्हणजे अपघातात गाडीची वीज तोडणाऱ्या स्विचवरही, बरेच जण अडकतात. नुसती बॅटरी तोडली तर चालू इंजिन अल्टरनेटरच्या जोरावर फिरतच राहतं. इग्निशनही तोडणारा स्विच लावा आणि इंजिन चालू ठेवून तो फिरवून बघा.

वजन बहुतेक ठिकाणी शर्यत संपल्यावर, ड्रायव्हरसकट मोजतात. किमान वजनाच्या काठावर राहू नका. कमी पडलं तर बॅलास्ट, म्हणजे भरीचं वजन, बोल्टने पक्कं बसवा.

लॉगबुक, म्हणजे तपासणीत पास झालेल्या गाडीची नोंदवही, हातात आलं तेव्हा लहान मुलासारखा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण मला विचाराल तर लॉगबुक असलेली तयार गाडीच घ्या. ते गाडीसोबतच नव्या मालकाकडे येतं. पैसे देण्याआधी त्यातली पानं चाळा. गाडी कुठे आपटली, तपासनीसाने कधी काय शेरा मारला, याच्या नोंदी तिथे सापडतात.