दोन पट्ट्यांचा देश

नाटकात काल्पनिक देश आला की आधी राजा ठरतो, मग राणी, मग सेनापतीच्या मिश्या. राजचिन्हाची आठवण होते ती रंगीत तालमीच्या आदल्या रात्री. देश ख्रिस्ती आहे, क्रूस काढा, एवढं सांगून दिग्दर्शक मोकळा. राज्य नाट्य स्पर्धेचं कोल्हापूर केंद्र असो की चित्रनगरीतला सेट, पांढऱ्या ढालीवर मधोमध एक सुटा लाल क्रूस उमटतो आणि पडदा उघडल्यावर सिंहासनामागे दवाखाना दिसतो.

गोम त्या सुटेपणात आहे. ढालीवरचा साधा क्रूस चारही बाजूंनी काठाला भिडतो. इंग्लंडचा संत जॉर्जचा लाल क्रूस तसाच भिडलेला आहे. हात आखडून मध्ये तरंगणारा लाल क्रूस १८६४ च्या जिनिव्हा करारापासून युद्धातल्या जखमींच्या शुश्रूषेचा झाला. १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्यानुसार आपल्याकडे तो परवानगीशिवाय वापरता येत नाही. रंग उलटे केले तरी सुटका नाही, कारण लालवरचा पांढरा क्रूस स्वित्झर्लंडचा आणि त्यालाही हाच कायदा लागू आहे. त्याच्या प्रत्येक हाताची लांबी रुंदीपेक्षा एक षष्ठांश जास्त, हे प्रमाण १८८९ साली ठरलं.

मग रंग कोणते? राजचिन्हांचा जुना नियम सोपा आहे. सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे धातू. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. जेरुसलेमच्या राज्याने चांदीवर सोनेरी क्रूस मिरवून हा नियम मोडला खरा, पण पांढऱ्यावरचा पिवळा शेवटच्या रांगेतून दिसतच नाही. निळ्यावर पिवळा काढला की लोक स्वीडन म्हणतात. हिरव्यावर सोनेरी बरा. मात्र डबीतला सोनेरी रंग आणू नये. स्पॉटखाली तो एका बाजूने लखलखतो, दुसऱ्या बाजूने काळा पडतो. यलो ऑकरमध्ये थोडा लेमन यलो मिसळला की लांबून सोनंच वाटतं. आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी ज्या कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवले, तिथे हे सांगणं तसं आगाऊपणाचंच.

ढालीचं माप चुकलं की पुढचं सगळं चुकतं. रुंदी ३ फूट धरा. दोन्ही कडा सरळ खाली १ फूट आणा. तिथून प्रत्येक बाजूची कमान समोरच्या बाजूच्या त्याच उंचीवर खिळा ठोकून ३ फूट त्रिज्येने ओढा. कमानी खाली मिळतात तिथे टोक येतं आणि एकूण उंची ३ फूट ७ इंचांच्या आसपास भरते. खिळ्याला सुतळी बांधू नका. ती ताणली जाते, एक कमान फुगते आणि टोक मध्यरेषेवरून सरकतं. दोन भोकं पाडलेली लाकडी पट्टी वापरावी.

क्रूस कोरा असेल तर पट्टी ढालीच्या रुंदीच्या एक पंचमांश, म्हणजे सव्वासात इंच. त्यावर सिंह, मुकुट वगैरे बसवायचे असतील तर एक तृतीयांश, पूर्ण १ फूट. सव्वासात इंचांच्या कोऱ्या क्रुसात आडवी पट्टी सातच ठेवावी. दोन्ही सारख्या काढल्या तर आडवी जाड भासते. ते दोन सूत, म्हणजे पाव इंच, डोळ्यासाठी सोडायचे. आणि ती उंचीच्या बरोबर मध्यावर कधीच नको. ढाल खाली निमुळती होत जाते, त्यामुळे मध्यावरची पट्टी घसरल्यासारखी दिसते. वरचे दोन चौक चौरस येतील अशी, वरच्या काठापासून चौदा इंच तीन सुतांवर ती सुरू करावी.

टोकाकडे पसरत जाणाऱ्या हातांचा क्रूस जास्त राजेशाही दिसतो, पण प्लायमधून सुटा कापला तर मधल्या बारीक मानेत हमखास तुटतो. माल्टाच्या आठ टोकांच्या क्रुसाचे चारही हात एका बिंदूत मिळतात, त्यामुळे तो कापायच्या भानगडीतच पडू नये, रंगवावा. देश मध्य युरोपात कल्पिला असेल आणि दोन आडव्या पट्ट्यांचा क्रूस सुचला, तर स्लोव्हाकिया आणि हंगेरीने तो आधीच टेकड्यांवर उभा केलाय हे ध्यानात असू द्यावं.

आज्ञापत्रावर शिक्का लागतोच. एकरंगी छपाईत रंग रेघांनी दाखवतात: लालला उभ्या, निळ्याला आडव्या, सोन्याला ठिपके, चांदी कोरी. हिरव्याला तिरप्या रेघा, पाहणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली. एक इंचाच्या रबरी शिक्क्यात रेघा विरळ ठेवाव्यात, नाहीतर शाई भरून काळा चट्टा उठतो. शिक्का उलटा कोरायचा असतो. क्रूस दोन्हीकडून सारखाच, त्यामुळे उलटं करायचं राहून गेलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. पण तिरप्या रेघा उलट्या झाल्या की त्यांचा अर्थ जांभळा होतो. ढाल हिरवी आणि फर्मान जांभळ्या देशाचं. प्रयोग तासावर आला असेल तर दूताने कागद प्रेक्षकांकडे फिरवू नये, एवढाच उपाय उरतो.