साध्या कापडाचा थाट

आमिश हा मुद्दाम साधेपणाने राहणारा ख्रिस्ती पंथ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लँकेस्टर परगण्यातल्या आमिश माणसाची घोडागाडी करडी, टोपी काळी, आणि घरातल्या बाईच्या झग्यावर छापील फुलाची कळीसुद्धा दिसायची नाही. मग त्याच घरातल्या पलंगावरच्या रजईत किरमिजी चौकोन, त्याला जांभळी चौकट आणि कोपऱ्यांत मोरपंखी तुकडे कुठून आले? त्यात नियम मोडलेला नाही. मनाई छापील नक्षीला आहे, रंगाला नाही. ज्या ताग्यातून झगा बेतला, त्याच्याच रंगाचे तुकडे रजईत येतात.

पेनसिल्व्हेनियात हे लोक अठराव्या शतकात आले, पण तुकड्यांची रजई त्यांनी इंग्रजी बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून पुष्कळ उशिरा उचलली. १८८० च्या सुमारास ती त्यांच्यात रुळली आणि पुढची पन्नास-साठ वर्षं तिच्या भराची. आपली गोधडी जुन्या लुगड्यांच्या जिवावर उभी राहते. लँकेस्टरची रजई मात्र बहुतेक वेळा विकत घेतलेल्या, बारीक विणीच्या लोकरी कापडाची. काटकसर म्हणून ती झाली असं समजू नये. धावदोरा तेवढा दोघींचा सारखा.

लँकेस्टरचे जुने नमुने मोजके: मधला शंकरपाळा, पट्टे, आणि लहान चौकोनांचा ‘ऊन-सावली’. शंकरपाळा दिसायला सगळ्यांत सोपा, आणि कापताना सगळ्यांत जास्त फसवतो. मधला चौकोन तयार मापाने, म्हणजे शिवण सोडून, २४ इंच घ्या, चारही बाजूंना ४ इंचाची पट्टी लावा, म्हणजे ३२ झाले. तो कोनावर उभा केला की त्याला चार त्रिकोण लागतात. त्यासाठी साडेतेवीस इंचाचे दोन चौकोन कापून प्रत्येकी एकदाच कर्णावर चिरायचे. बाजू सव्वापंचेचाळीस होते. आत ४ इंचाची अरुंद चौकट, बाहेर १२ इंचाची रुंद चौकट, की रजई सव्वासत्त्याहत्तर इंच चौरस. त्रिकोण आणि बाहेरची चौकट एकाच रंगाची आणि कोपऱ्यांतले चौकोन वेगळ्या रंगाचे ठेवायचे असतील तर ४४ इंच पन्ह्याचं सव्वातीन वार कापड पुरतं, पण आधी उभ्या धाग्यात चार लांब पट्ट्या काढून घ्यायच्या आणि उरलेल्यातून चौकोन. उलट केलं की चौथ्या पट्टीला जोड द्यावा लागतो, आणि साध्या कापडावरचा जोड दारातून दिसतो.

त्रिकोणाची लांब बाजू तिरप्या धाग्यावर येते, म्हणजे ती ताणली जाणारच. शिवताना ती मशीनच्या दात्यांकडे, खाली ठेवावी, सरळ धाग्याची बाजू वर. टाचण्या मधून कडेकडे लावाव्यात. इस्त्री फिरवायची नाही, उचलून टेकवायची. फिरवली तर मधला चौकोन पापडासारखा फुगतो आणि तो फुगवटा नंतर कितीही टाके घातले तरी बसत नाही. तसंच चौकटीचं. तिची लांबी रजईच्या मध्यावर फीत धरून घ्यायची, कडेवर नाही. कड आधीच ताणलेली असते, तिच्या मापाने कापलेली चौकट झालरीसारखी लहरते. हे सगळं जोडकाम आमिश घरात पायाच्या मशीनवर चालतं. हाताने शिवायची ती वरची नक्षी.

ऊन-सावलीचा हिशेब वेगळ्या जातीचा. तयार दीड इंचाचे चौकोन, एका ओळीत ४१, अशा ४१ ओळी: एकूण १६८१ तुकडे. प्रत्येक जोडात सुताचा निम्मा, म्हणजे एक सोळांश इंच फरक पडला तरी ओळ अडीच इंचांनी आखूड किंवा लांब होते, आणि शेजारच्या ओळीचा फरक नेमका उलटा असतो. म्हणून पाव इंचाची शिवण आधी चिंधीवर तपासावी: दोन इंचाचे तीन चौकोन जोडून इस्त्री केल्यावर मधला बरोबर दीड इंच भरला पाहिजे. शिवणी एका ओळीत डावीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडे दाबल्या की सांधे एकमेकांत आपोआप बसतात. ईश्वराखेरीज कोणी परिपूर्ण नाही म्हणून आमिश बायका मुद्दाम एक तुकडा चुकीचा लावतात, ही गोष्ट पर्यटकांना फार आवडते. अभ्यासकांना तिला आधार सापडलेला नाही. १६८१ तुकड्यांत चूक मुद्दाम करायची वेळ कोणावर येते?

आता रंग. नक्षीचं कापड दोष लपवतं, आणि दोन रंगांचं भांडणही मिटवतं, कारण त्याच्यात पाच रंग आधीच नांदत असतात. एकरंगी कापडाला ती सोय नाही. शेजारी कोण बसलंय यावर त्याचं सगळं अवलंबून. लाल आणि हिरवा दोन्ही सारख्याच गडद असतील तर त्यांच्यामधली रेघ डोळ्यांसमोर थरथरते. तोच लाल वांगी रंगाशेजारी ठेवा, तो निखाऱ्यासारखा आतून पेटतो. लँकेस्टरमध्ये किरमिजी, जांभळा, निळा, हिरवा, राणी असे रंग भेटतात, पिवळा-नारिंगी क्वचित, पांढरा जवळपास नाही. ओहायोच्या होम्स परगण्यात आणि इंडियानात मात्र सुती कापड, लहान ठोकळ्यांचे नमुने आणि काळी जमीन. काळ्यावर फिकट निळ्याचा चार बोटं तुकडासुद्धा दिव्यासारखा दिसतो.

ऊन-सावलीत हीच युक्ती क्रमाने वापरलेली असते. एका रंगाच्या तीन-चार छटा गडदपासून फिकटपर्यंत जातात, मग दुसरा रंग पुन्हा गडदपासून सुरू होतो. तो फिकटापासून सुरू केला तर ‘सावली’ पडतच नाही, नुसतं रंगीत बुद्धिबळ होतं. तुकडे जमिनीवर मांडून डोळे किलकिले करून बघावं, किंवा फोनवर काळा-पांढरा फोटो काढावा. दोन छटा एकात मिसळल्या तर त्यातली एक बदलावी. लोकरीचं कापड प्रकाश पिऊन टाकतं, म्हणून तिच्यातला जांभळा खोल वाटतो. नंतरच्या काळातला रेयॉन प्रकाश परत फेकतो. आज सुती घेऊन जुना रंग जुळवायचा तर एक छटा गडदच घ्यावी. आणि लाल, जांभळं कापड कापण्याआधी धुवावं. पाण्याचा रंग निवळेपर्यंत धुवावं, एकदा नव्हे.

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या संग्राहकांनी अमेरिकी रजया चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या. तेव्हापासून आमिश रजईची आधुनिक चित्रांशी तुलना सुरू झाली, किमती चढल्या, पलंगावरच्या जुन्या रजया विकत घेणारे दारात उभे राहिले. कौतुक खरंच होतं, पण अर्धं. भिंतीवरची रजई दहा फुटांवरून रंग दाखवते आणि टाके गिळून टाकते.

ते रुंद, रिकामे रंगपट्टे मुळात टाक्यांसाठीच आहेत. मधल्या शंकरपाळ्यात आठ पाकळ्यांचा तारा आणि भोवती पिसांचं कडं, अरुंद पट्टीत भोपळ्याच्या बिया किंवा द्राक्षं, बाहेरच्या चौकटीत वळत जाणारी पिसांची वेल, आणि राहिलेल्या जागेत तिरप्या रेघांची बारीक जाळी. गडद कापडावर आखणीला पांढरा खडू. तो हाताखाली पुसला जातो, म्हणून पुढची वीतभरच आखायची. वेलीची वळणं जमत नसतील तर चौकटीच्या लांबीची कागदी पट्टी घेऊन तिच्या आठ घड्या घालाव्यात, घडीला एक वळण. कोपऱ्यातला वेगळ्या रंगाचा चौकोन इथे शहाणपणाने कामी येतो, वेलीला कोपरा वळावाच लागत नाही.

चार फळ्यांच्या चौकटीवर अस्तर ताणायचं, कापसाचा थर, वर तुकड्यांची बाजू, आणि चहूबाजूंनी बायका बसतात. आखूड सुई, ९ किंवा १० नंबरची. मधल्या बोटात अंगुस्तान. सुईचं टोक खालच्या हाताच्या बोटाला जेमतेम लागलं की वर वळवायची, तीन-चार टाके सुईवर घेऊन मग दोरा ओढायचा. इंचाला ८ ते १० टाके चांगले, सराईत हाताचे १२ सुद्धा. त्यापेक्षा टाके सारखे असणं महत्त्वाचं. गाठ हलक्या झटक्याने कापसात ओढून घ्यायची. थर पातळच हवा. हल्लीचा फुगीर पॉलिस्टर थर घातला तर टाका खड्ड्यात जातो आणि पिसांऐवजी गादीच दिसते. जुन्या रजया अंगावर जड वाटत नाहीत, याचं कारणही हा पातळ थरच.

शेवटी काठ, जवळजवळ इंचभर रुंद, सरळ धाग्यातला. रजई पहिल्यांदा झिजते ती इथेच, डोक्याकडच्या बाजूला. उसवून नवी पट्टी लावता येते. जुन्याच रंगाची मिळाली तर उत्तम, नाही तर चौकटीपेक्षा एक छटा गडद.