इटलीचे रणगाडे आणि तो रिव्हर्स गिअरचा जोक

दुसऱ्या महायुद्धाच्या गप्पा निघाल्या की कोणीतरी तो जोक मारतोच, इटालियन रणगाड्याला पुढचा गिअर एक आणि रिव्हर्सचे पाच. पहिल्यांदा हसू येतं, पण थोडं वाचायला लागलं की कळतं, जोक चुकीच्या माणसांवर आहे. आत बसलेल्या पोरांनी जे हातात मिळालं त्यावर लढून दाखवलं, घोळ होता तो रोममधल्या ऑफिसांत आणि कारखान्यांत.

मुळात इटलीच्या लष्कराच्या डोक्यात लढाई म्हणजे आल्प्स. अरुंद घाटरस्ते, कमकुवत पूल, मग रणगाडा हलका आणि छोटाच हवा. त्यातून आला एल ३, जेमतेम तीन टनांचा, दोन माणसं, दोन मशीनगन आणि टरेट, म्हणजे वरचा फिरणारा घुमट, तोच नाही. इथिओपियात १९३५-३६ ला तो चालून गेला कारण समोर रणगाडे नव्हतेच, पण स्पेनमध्ये ४५ मिमी तोफेचे रशियन टी-२६ समोर आले आणि याचं काही चालेना. एवढं बघूनही १९४० मध्ये इटली युद्धात उतरली तेव्हा रणगाडे म्हणून जे होतं त्यात बहुतांश हेच, आता बोला!

मग एम ११/३९. नावाची पद्धत सोपी आहे, एम म्हणजे मीडियम, ११ टन, साल १९३९. आता गंमत बघा, ३७ मिमीची मुख्य तोफ खाली बॉडीत बसवली आणि फिरणाऱ्या टरेटमध्ये मशीनगन. म्हणजे शत्रू बाजूने आला की आख्खा रणगाडाच वळवायचा. डिसेंबर १९४० मध्ये इजिप्तमधल्या निबेवाच्या छावणीवर पहाटे ब्रिटिश माटिल्डा चालून आले, त्यांचं पुढचं चिलखत ७८ मिमी, आणि एम ११ ची इंजिनं धड गरम व्हायच्या आत खेळ खल्लास.

एम १३/४० मात्र कागदावर वाईट नव्हता हे मान्य करायला हवं. ४७ मिमीची तोफ, ती पण टरेटमध्ये, आणि १९४० च्या हिशोबाने चांगली मारणारी, शिवाय डिझेल इंजिन. पण आत डोकावून बघा. टरेटमध्ये दोनच माणसं, त्यामुळे कमांडरनेच आजूबाजूला बघायचं, हुकूम द्यायचे आणि नेम धरून तोफ पण त्यानेच मारायची, सुरुवातीच्या बऱ्याच गाड्यांत रेडिओ नाही म्हणून शेजारच्या गाडीला झेंडे दाखवायचे, तेही धुळीच्या लोटात. चिलखताच्या प्लेटा वेल्ड केलेल्या नाहीत तर रिव्हेट ठोकून जोडलेल्या, बाहेरून दणका बसला की रिव्हेट तुटून गोळीसारखी आत उडायची. प्रत्यक्षात भरलेल्या १४ टनांना १२५ हॉर्सपॉवर, वाळवंटात दम लागणारच. फेब्रुवारी १९४१ ला लिबियातल्या बेडा फोमला हे रणगाडे नवख्या क्रूसकट तुकड्या-तुकड्यांनी लढाईत ढकलले आणि शंभराच्या आसपास गेले. त्याआधी जानेवारीतच हाती लागलेले काही इटालियन रणगाडे ऑस्ट्रेलियन सैनिकांनी अंगावर पांढरे कांगारू रंगवून लिबियातल्या तोब्रुक बंदरावरच्या हल्ल्यात वापरले. भंगार असते तर वापरले असते का?

आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला लिबियातच बिर एल गुबीला इटलीच्या अरिएते या रणगाडा डिव्हिजनने हेच एम १३ आणि दबा धरून बसवलेल्या तोफा यांच्या जोरावर ब्रिटिशांच्या क्रुसेडर रणगाड्यांच्या ब्रिगेडला चांगलंच तुडवलं. जोकवाल्यांना हे नाव सहसा माहीत नसतं.

आता खरा राग येतो तो कारखान्यांचा. रणगाडे बनवायचा जवळपास मक्ता फियाट आणि अन्साल्डो यांच्याकडे. स्पर्धा नाही, मग घाई कशाला? एम १४/४१ म्हणजे एम १३ लाच १४५ हॉर्सपॉवरचं इंजिन, एम १५/४२ म्हणजे अजून थोडी डागडुजी. जर्मन डिझाइनचे रणगाडे लायसन्सवर बनवायची बोलणी झाली, ती पण बारगळली. अर्थात पोलादाचीच बोंब होती, वर्षाला वीसेक लाख टन आणि जर्मनीचं याच्या कितीतरी पट, त्यामुळे सगळं खापर कंपन्यांवर फोडता येत नाही. पण पी ४० या नव्या रणगाड्याचं काय? १९४० ला काम सुरू, मधे रशियन टी-३४ बघून चिलखत तिरकं केलं, ७५ मिमी तोफ बसवली, २६ टनांचा खरोखर दमदार गडी, पण इंजिनच वेळेवर तयार होईना. सप्टेंबर १९४३ ला इटलीने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा मोजकेच तयार होते, वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पुढे ते जर्मनांनी बनवून घेतले आणि इंजिन नसलेले काही तर चक्क जमिनीत पुरून तोफेचे मोर्चे म्हणून वापरले.

माझी आवड विचाराल तर सेमोव्हेन्ते ७५/१८, म्हणजे रणगाड्याच्या सांगाड्यावर बसवलेली चालती तोफ. कर्नल बर्लेसे यांनी जर्मनांची श्टुग ही अशीच बिनटरेटची चालती तोफ बघून कल्पना मांडली, एम १३ चीच चेसिस, टरेट काढून टाकलं, ७५ मिमीची आखूड तोफ पुढे बसवली, १९४१ मध्येच प्रोटोटाइप तयार. उंची साधारण उभ्या माणसाएवढी, लपायला सोपी, आणि चिलखतभेदी खास गोळे मिळाले की अमेरिकन शर्मन रणगाड्याला पण घाम फोडायची. तेच इंजिन, तेच कारखाने, तीच माणसं. फक्त यावेळी सुचवणारा स्वतः तोफखान्यातला होता आणि त्याचं कोणीतरी पटकन ऐकलं.