एक लिटरची बाटली

सकाळपासून झड लागलीय. शेजारच्या काकूंनी खालूनच हाक मारली, "आयर्विनला किती झालं गं?" मोबाइल बघून सांगितलं, "३१ फूट." सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० ला इशारा, ४५ ला धोका, आमच्या गावभागात हे पोरासोरांनाही पाठ असतं.

काकू आत गेल्या आणि मला दादा आठवला. सगळं गाव फुटांत पाणी मोजायचं, तेव्हा आमच्या घरात ते कपांनी मोजलं जायचं.

किडन्या गेल्यावर सहा वर्षं तो डायलिसिसवर होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार मिरज. दर खेपेला चार तास. दिवसभरात पाणी फक्त एक लिटर, त्यातच चहा, आमटी, गोळ्यांवरचा घोट. आई सकाळी बाटली भरून ठेवायची. चहा प्यायला की दादा तेवढंच पाणी बाटलीतून काढून तुळशीला घालायचा. कुणी बघत नसलं तरी घालायचा. भडंग त्याच्या जिवाचं, पण खारट खाल्लं की तहान लागते म्हणून तेही सोडलं. उन्हाळ्यात अगदीच राहवेना, तर बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचा. मी त्याच्यासमोर कधी गटागटा पाणी प्यायले नाही.

सुया टोचण्यासाठी त्याच्या डाव्या मनगटात शीर आणि धमनी जोडलेली होती. तिथं बोट ठेवलं की आत सतत गुणगुणल्यासारखं लागायचं. आम्ही त्याला भुंगा म्हणायचो. भुंगा थांबला तर रस्ता बंद झाला, म्हणून रोज उठल्या उठल्या तो मनगट पुढं करायचा, "बघ गं, आहे का?" मी म्हणायचे, "आहे."

२०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आम्हाला बोटीनं बाहेर काढलं. बोटीतली पोरं हात देऊन माणसं ओढून घेत होती. दादा डावा हात छातीशी घट्ट धरून ओरडत होता, "या हाताला धरू नका, या हाताला नको!" त्या आठवड्यात एक डायलिसिस चुकलं. पाय सुजले, आडवं झालं की दम लागायचा. नातेवाइकांच्या घरी रात्रभर भिंतीला टेकून बसला होता. मी शेजारी. चहूकडे पाणीच पाणी, आणि तो म्हणाला, "घोटभर दे गं, ओठांपुरतं." मी चमच्यानं दिलं. जास्त द्यायला हवं होतं का, हे अजूनही मनातून जात नाही.

शेवटच्या पहाटे बीपी उतरत गेलं. मी मनगट धरून बसले होते. भुंगा आधी बारीक झाला, मग लागेना. बोट जरा वर सरकवलं, जरा खाली. त्यानं विचारलं नाही, तरी मी म्हणाले, "आहे दादा."

आई अजूनही सकाळी ती बाटली भरते आणि तुळशीला घालते. आज पाऊस म्हणून बाहेर नेली नाही. ओट्यावर तशीच आहे, भरलेली.