दोन माणसं जास्त

उजनीची बातमी आली त्या आठवड्यातली ही गोष्ट. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. आमच्या घाटावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. मी सगळ्यांना सांगत होतो, उजनीला चहूबाजूंनी सपाट रान आहे, वारं अडवायला काही नाही. आपल्याला दोन्ही अंगांनी डोंगर आहेत, आपल्याकडे असं व्हायचं नाही. घाटावरच्या माणसांना सांगितलं, बोटीत बसलेल्या पाहुण्यांनाही सांगितलं. पुढच्याच रविवारी मी स्वतः बारा माणसं घेऊन शिवसागराच्या मधोमध आडवा झालो होतो.

मी कोयनेच्या पाण्यावर बोट चालवतो. कोयना धरणाचं पाणी मागे पसरत पसरत पार तापोळ्यापर्यंत येतं, त्यालाच शिवसागर म्हणतात. आमचं जुनं गाव ह्याच पाण्याखाली आहे. आजोबांची नाचणी-वरीची वावरं होती तिथून मी आता माणसं नेतो. वडील वल्ह्याची होडी चालवायचे. पलीकडच्या वाड्यांचा बाजार, आजारी माणूस, नवरी, सगळं त्यांच्या होडीतून यायचं. मी इंजिनची बोट घेतली ती पर्यटक यायला लागल्यावर. जुनी, पत्र्याची, मागे इंजिन लटकवलेलं, वर पाइपांवर ताडपत्रीचं छत. किती माणसं बसवायची हे घेताना कोणी सांगितलं नाही. बाकांवर बसून बघितलं, दहा मावली, म्हणून दहा. तो आकडा वीस वर्षं चालला.

लायसन माझ्याकडे नव्हतं. वरचेवर विषय निघायचा आणि मी एकच उत्तर द्यायचो: पाण्यात वाढलेल्या माणसाला पोहायचा दाखला कशाला?

त्या दिवशी मिरजेकडचं एक कुटुंब आलं होतं. आजी, दोन मुलगे, सुना, एक जावई-लेक, आणि लहान मुलं, धाकटा असेल सहा वर्षांचा. मोजून दहा. कोयना, सोळशी आणि कांदाटी एकत्र येतात तो संगम दाखवायचा, पलीकडे तंबूंच्या जागी चहा, आणि अंधाराआधी परत, अशी खेप ठरली. लाइफ जॅकेट आठ होती. मुलांच्या मापाचं एकही नव्हतं. त्यातली चार बाकाखाली इतके दिवस पडून होती की आतला फोम दाबला की दबलेलाच राहायचा. मी ती काढून दाखवली, कोणी मागितली नाहीत, मी परत आत सारली. हे लिहिताना हात थांबतो, पण हे असंच झालं.

जाताना पाणी आरशासारखं होतं. मे महिन्यात पाणी खूप उतरतं. लाल मातीचे काठ उघडे पडतात, जुन्या वावरांच्या दगडी ताली पायऱ्यांसारख्या वर येतात, आणि काही ठिकाणी झाडांची खोडं पाण्याच्या हातभर खाली उभी असतात. ती कुठं आहेत हे कुठल्या नकाशात नाही. मला माहीत आहेत, कारण वडिलांनी वल्ह्याने टोचून दाखवली होती. मी आजीला सांगितलं, इथं आमचं देऊळ होतं. तिने पाण्याकडे बघून हात जोडले.

परत निघायच्या वेळी, साडेचारच्या सुमारास, कासच्या अंगाला आभाळ काळं झालं होतं. मी घाई करत होतो. तेवढ्यात तंबूवाला ओळखीचा माणूस दोन पोरांना घेऊन खाली आला. त्यांची बोट चुकली होती, गाडी आमच्या घाटावर होती. तो म्हणाला, ‘‘घे की ह्यास्नी बी. दोन माणसानं काय हुतंय? परत खेप कशाला?’’

मी आभाळाकडे बघितलं, बोटीकडे बघितलं. मला कळत होतं. मी म्हणालो, ‘‘जास्त हुतील.’’ तो हसला, म्हणाला, ‘‘गणपतीत तू पंधरा आणली हुतीस.’’ आणलीच होती. मग कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? तो मला वर्षभर गिऱ्हाईक पाठवणारा माणूस. पोरं चढली. बोटीचा काठ पाण्यापासून वीतभर राहिला.

अर्ध्यावर आलो आणि वारं सुटलं. आधी थंड झुळूक, मग एकदम धक्का. लोकांना वाटतं लाट बोट उलटवते. लाटेआधी छत उलटवतं. ताडपत्रीत वारं भरलं की ते शीड होतं, आणि शिडाची बोट कशी चालवायची हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही. मी तोंड वाऱ्याकडे धरून हळू चालवत होतो, तेवढ्याने निभावलं असतं. पण त्या दोन पोरांतला एक व्हिडिओ काढायला उभा राहिला, बोट डावीकडे कलली, सगळी घाबरून उजवीकडे सरकली, आणि तिला सावरायला मी जरा बाजूला वळवली तर इंजिन घुर्रऽऽ करून बंद.

पंख्यात जाळं गुंतलं होतं. कोणाचं तरी तुटून वाहत आलेलं मासे धरायचं जाळं. इंजिन बंद पडल्यावर बोट आपोआप आडवी होते, वाऱ्याला पाठ नाही, पोट देते. पहिली लाट आत आली ती गुडघ्यावर. दुसरी आली तेव्हा मुलं रडायला लागली.

त्या क्षणी मला उजनी आठवली नाही. वडिलांची बादली आठवली. पाणी उपसायची पत्र्याची बादली बोटीत होती. दोरीचं एक टोक तिच्या कडीला आणि दुसरं बोटीच्या नाकाला बांधून मी ती पुढून पाण्यात सोडली. बादली पाण्याने भरते, पाणी तिला धरून ठेवतं, वारं बोटीला मागे ढकलतं, आणि दोरी ताणली की नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. एवढीच युक्ती. मी ओरडलो, ‘‘सगळी खाली, तळाला बसा! बाकावर कोणी नाही!’’ आजी सगळ्यात आधी बसली, लुगडं पाण्यात, धाकट्याला मांडीत दाबून. तिला बघून बाकीची बसली. थोरल्या मुलाच्या हातात कोयता दिला आणि ताडपत्रीच्या दोऱ्या तोडायला लावल्या. छत उडून गेलं आणि बोट जणू श्वास सोडून हलकी झाली. मग इंजिन वर उचललं, त्याच्या हातून कोयता परत घेतला आणि पंख्यातलं जाळं कापायला लागलो. बोटं कापली, ते नंतर काठावर कळलं. दोघेजण हाताला लागेल त्या डब्याने पाणी उपसत होते.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. इंजिन सुरू झालंच नाही. वाऱ्याने आम्हाला ढकलत ढकलत उघड्या पडलेल्या एका तालीवर नेऊन टेकवलं. जुन्या कुठल्या तरी शेताचा बांध. त्यावर एकेकाला हाताला धरून उतरवलं. मग गारा पडल्या. आम्ही सगळी त्या बांधावर एकमेकांना चिकटून बसलो होतो.

पाऊस उघडल्यावर आजीने पदर पिळला, माझ्या हाताला आपल्या रुमालाची पट्टी बांधली आणि विचारलं, ‘‘लेकरा, गाडीला लायसन लागतं तसं हेला लागतं का?’’

मी म्हणालो, ‘‘लागतं, आजी.’’

‘‘तुझ्याकडं हाय?’’

मी काही बोललो नाही. ती रागावली नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘असतं तर त्या दोघांस्नी न्हाई म्हणाला असतास.’’

मी रात्रभर त्या वाक्यावर पडून होतो. घाटावर सगळे म्हणत होते, तुझ्यासारखा हुशार गडी होता म्हणून वाचली. खरं होतं, बादली मला माहीत होती. पण बादली लागावी अशी वेळ मीच आणली होती. मला पाणी कळत होतं, आभाळ कळत होतं, काठ किती बुडालाय तेही दिसत होतं. एवढं सगळं कळून मी नाही म्हणू शकलो नाही, कारण माझ्या ‘नाही’च्या मागे काहीच नव्हतं. दहा हा माझाच आकडा, मीच तो पंधरा केलेला. ज्याने आकडा ठरवला त्याच्याशी कोणीही घासाघीस करतं.

मी नंतर बाकीच्या घटना वाचत गेलो. केरळात तानूरला ७ मे २०२३ ला बावीस माणसं गेली, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त लोक होते. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ ला सहलीला आलेली बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. तिथंही बोट जास्त भरलेली, अनेकांच्या अंगात जॅकेट नाही. आपल्या सांगलीत ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरातून माणसं काढणारी बोट उलटली, तिथली घाई वेगळी होती, जिवाची होती, तिची तुलना सहलीशी करू नये. पण बाकी दोन ठिकाणी कोणीतरी काठावर उभं राहून मनातल्या मनात मोजलं असणारच. मोजून गप्प बसलं असणार. मी बसलो तसंच.

मग मी कागदाच्या मागे लागलो. कायदा नवीन आहे, २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा; त्याने १९१७ चा इंग्रजांच्या वेळचा बदलला. इंजिनच्या बोटीची नोंदणी, तपासणी, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, विमा, सगळं त्यात आहे. बिनइंजिनच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देता येईल अशीही सोय आहे. कागदावर चांगलं आहे. प्रत्यक्षात ऑफिस समुद्राकाठी आणि आम्ही घाटमाथ्यावर. एका फेरीला दोन दिवस आणि एका रविवारचा धंदा जातो. एका खिडकीवर मला तीनदा परत पाठवलं, तिसऱ्यांदा फोटोच्या मापासाठी. माझे सोबती म्हणतात ना, की लायसन म्हणजे एजंटाचं पोट आणि गरिबाच्या पोटावर पाय, ते मी खोटं म्हणणार नाही. मी ते भोगलंय. तरीही लायसन असावं असंच मी म्हणतो. ऑफिस सुधारा, असं ओरडून म्हणतो.

प्रशिक्षणात पहिल्या दिवशी वाटलं, हे मला काय शिकवणार. दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्याने फळ्यावर बोट काढली, नाकाला दोरी, दोरीला शंकू, आणि म्हणाला, ह्याला सी-अँकर म्हणतात. वडिलांची बादली! माझे डोळे भरून आले. ते शाळेत कधी गेले नव्हते. त्याच वर्गात मला कळलं की बुडालेल्या माणसाला उलटं करून पोटातलं पाणी काढत बसायचं नसतं, आधी श्वास द्यायचा असतो. आम्ही घाटावर आयुष्यभर उलटंच करत आलो. माझ्या लहानपणी एका पोराला असंच पाय धरून उलटं केलं होतं. तो गेला. पाण्यात वाढलो म्हणून सगळं येतं, हे मी त्या दिवसापासून बोलत नाही.

तपासणीला आलेल्या माणसाने बोट रिकामी बघितली, भरून बघितली, काठ मोजला, छताची उंची मोजली. म्हणाला, आठ. तुला धरून. मी दहा म्हणत होतो, कधी पंधरा. छत कमी उंचीचं करायला लावलं. जॅकेट नवी, दोन लहान मुलांची.

माझं एवढंच म्हणणं आहे की परीक्षा ज्या पाण्यावर बोट चालवायची त्या पाण्यावर घ्या. मराठीत घ्या, तोंडी घ्या. मे महिन्यात खोडं कुठं असतात ते विचारा, इंजिन बंद करून बोट वाऱ्याला धरायला लावा, जाळं पंख्यात घालून काढायला लावा. भर पावसाळ्यात आमचा धंदा बंदच असतो, तेव्हा वर्षातून एकदा शिबिर काठावर आणा. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर सहलीचं जोडपं अर्धा तास वल्हं मारतं, त्याच्या हातात लायसन असावं असं मी म्हणत नाही; ते होडी भाड्याने देणाऱ्याचं काम, जॅकेट घातल्याशिवाय होडी सोडायची नाही. पलीकडे स्वतःच्या शेताला होडीने जाणाऱ्या म्हाताऱ्यालाही त्रास देऊ नका. पण जो पैसे घेऊन दुसऱ्याचं लेकरू पाण्यावर नेतो, त्याला हे सगळं लागलंच पाहिजे. त्यात सवलत नको.

बोटीच्या अंगावर आता पांढऱ्या रंगात नंबर आहे आणि खाली लिहिलंय, चालकासह ८. दिवाळीत तोच तंबूवाला चार जादा माणसं घेऊन खाली आला. मी आकड्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, ‘‘लई कागदी झालास.’’ मी म्हणालो, ‘‘झालो. पुढच्या खेपेला नेतो.’’ त्याने थोडा वेळ बघितलं आणि माणसांना चहा सांगितला. मी दुसरी खेप केली, डिझेलचे पैसे अंगावर पडले, घेऊन आलो.

पुतण्या मागे लागलाय, बोट दे म्हणून. अठरा पूर्ण व्हायला अजून दीड वर्ष आहे. तोवर गिऱ्हाईक नसताना त्याला मी एकट्याला पाण्यावर सोडतो, अंगात जॅकेट, खिशात शिट्टी, काठावर मी. परवा आडव्या वाऱ्यात इंजिन बंद करायला लावलं आणि म्हणालो, आता धर. त्याने घाईघाईने दोरी मागच्या पाइपाला बांधली आणि बादली सोडली. बोटीचं ढुंगण वाऱ्याकडे वळलं आणि मागून पाणी आत यायला लागलं. मी काठावरून ओरडत होतो, ‘‘पुढं बांध, नाकाला, पुढं!’’