तेजगढच्या ओसरीत ऐकलेला पिठोरा

बडोद्याहून छोटा उदेपूरला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर तेजगढ नावाचं छोटंसं स्टेशन आहे. बडोद्याला आलेले बहुतेक लोक चांपानेर बघून परततात. मीही चांपानेर पाहिलं, सुंदर आहे, आणि त्यावर पुष्कळांनी लिहून ठेवलंय. मला सांगायचंय ते तेजगढजवळच्या एका राठवा आदिवासी घराबद्दल आणि त्याच्या भिंतीवरच्या पिठोरा चित्राबद्दल.

तेजगढला कोराज डोंगराच्या पायथ्याशी आदिवासी अकादमी आहे. गणेश देवी यांनी १९९६ मध्ये बडोद्याच्या विद्यापीठातली इंग्रजीची प्राध्यापकी सोडली आणि 'भाषा' ही संस्था काढली. तिच्याच कामातून ही अकादमी उभी राहिली. तिथलं संग्रहालय म्हणजे 'वाचा'. वाद्यं, कापडं, रोजच्या वापरातल्या वस्तू निवांत बघाव्यात अशी जागा. तिथे ओळख झालेला एक राठवा तरुण म्हणाला, "खरा पिठोरा बघायचा असेल तर माझ्या काकांकडे चला."

ओसरीची आतली भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत घोड्यांनी भरलेली होती. लाल, हिरवे, निळे, पांढरे घोडे. हौस म्हणून कुणी पिठोरा काढत नाही. घरात आजारपण आलं, गुरं मरायला लागली की बाबा पिठोरा या देवाला नवस बोलतात आणि तो फेडायचा म्हणून भिंत रंगवतात. लग्न न झालेल्या मुली ती शेणामातीने सारवतात, वर पांढऱ्या मातीचा हात देतात. मग लखारे, म्हणजे पिठोरा काढणारे चित्रकार, बसतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवलेले. शेवटी बडवा, म्हणजे त्यांचा पुजारी, अंगात आल्यावर एकेक आकृती ओळखून दाखवतो. तिथे काही राहून गेलं असेल तर तेही उघडं पडतं.

काकांनी नातीला जवळ बोलावलं आणि सुरुवात खालून केली, चित्रातल्या दारावरच्या दोन वाघांपासून. बोट भिंतीपासून वीतभर लांब, भिंतीला लागत नव्हतं. ते राठवीत बोलत होते आणि पुतण्या माझ्यासाठी हिंदीत सांगत होता. थोड्या वेळाने तो मागे पडला आणि मग थांबलाच. मीही त्याला टोकलं नाही. काका नाव अर्धवट सोडायचे आणि नात ते पुरं करायची. बारा डोक्यांचा माणूस आला, एका पायाचा आला, हत्तीवरचा राजा भोज आला. एका घोड्यापाशी ती अडली. काकांनी उत्तर सांगितलं नाही, त्याच्या आधीच्या घोड्यापासून पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या खेपेला तिला आठवलं.

तेवढ्यात शहरातून आलेला एक ग्रूप चपला घालून ओसरीत शिरला. फ्लॅश चमकले. एकाने विचारलं, असं चित्र कापडावर काढून मिळेल का, आणि कितीला? काका उठले, सगळ्यांना पाणी दिलं. पाचेक मिनिटांत मंडळी गेली. तो प्रश्न मला अजून टोचतो. कापडावरची चित्रं विकत घ्यावीत, त्यावर राठवा कलाकारांची घरं चालतात. पण इथे एक मुलगी शिकत होती आणि तिचा धडा आपण मोडतोय हे कुणाच्या गावीही नव्हतं.

तिची शाळा गुजरातीत. ही नावं तिला घराबाहेर कुठे मिळणार? १९६१ च्या जनगणनेत देशातल्या १६५२ मातृभाषांची नोंद झाली. १९७१ पासून दहा हजारांहून कमी लोक बोलतात त्या भाषांची नावं छापणंच बंद झालं. देवींच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेल्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषा नोंदवल्या, त्या अशाच ओसऱ्यांमधून आलेल्या माणसांच्या मदतीने. बरं, मोठ्या संख्येनेही काही साधत नाही. राठवीची थोरली सोयरी भिली. २०११ च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे एक कोटीच्या वर निघाले, तरी घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, तिला जागा नाही. संथाली आणि बोडोला ती २००३ च्या घटनादुरुस्तीने मिळाली. मला हा सरळ अन्याय वाटतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा 'वाचा'त गेले. काचेआडची वस्तू बघून पुढे सरकणं आता जमेना. प्रत्येक वस्तूपाशी वाटायचं, हिच्याबद्दल बोलणारं माणूस शेजारी हवं. वारसा लोकांसमोर मांडायचा तर आधी त्या लोकांच्या नातवंडांसमोर मांडावा, आणि आपण पाहुण्यांनी मागे बसून ऐकावं, कळो न कळो. तेजगढला जाणार असाल तर अकादमीतल्या मुलांना विचारून, त्यांच्या सोबतीने जा, आणि हातात अख्खी दुपार ठेवा.

परतीच्या गाडीत मनात जळगाव जामोद होतं. आपल्या बुलढाण्यातल्या त्या भागात निहाली बोलतात. जगातल्या कुठल्याच भाषाकुळात ती बसत नाही आणि बोलणारे जेमतेम काही हजार. तिथल्या आज्यांनी नातवंडांना निहालीत गोष्टी सांगाव्यात आणि आपल्याला त्या ऐकता याव्यात, अशी एक जागा सातपुड्याच्या त्या पायथ्याशी मला हवी आहे. पुढचा प्रवास तिकडेच करायचा, हे गाडीतच ठरवलं.