तक्त्याने उंची विचारली, बसल्यावरची नाही

बाइकच्या विंडशील्डच्या, म्हणजे पुढच्या प्लास्टिकच्या काचेच्या, उंचीचा विक्रेत्याचा तो तक्ता आठवला की अजून माझं डोकं तापतं. चालकाची उंची इतक्यापासून इतक्यापर्यंत असेल तर ही काच, त्यापुढे असेल तर ती. बास. माझी उंची 168 सेंटीमीटर, म्हणून मधली काच मागवली. उभं असताना सारख्या उंचीची वाटणारी दोन माणसं बाइकवर बसली की सारखी राहत नाहीत. एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. माझं धड लांब आहे. शिवाय सीट किती उंच, हँडलबारमुळे पाठ ताठ राहते की पुढे झुकते, हेल्मेटला पुढे टोपीसारखी चोच आहे का, यातलं त्या तक्त्याने काहीही विचारलं नव्हतं.

काच बसवायला अर्धा तासही लागला नाही. मोकळ्या रस्त्यावर 80 पर्यंत सगळं छान होतं. 90 ओलांडले आणि कुणी हेल्मेटला दोन्ही बाजूंनी थपडा मारतंय असं वाटायला लागलं. समोरच्या पाटीवरची अक्षरं थरथरत होती. मूळच्या बुटक्या काचेत वारा छातीवर यायचा, पण एकसारखा यायचा. इथे काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेल्या हवेचे भोवरे नेमके कपाळाच्या पातळीवर आदळत होते. यालाच बफेटिंग म्हणतात. दोन तासांनी उतरले तेव्हा मान आखडली होती आणि कानात शिट्टी वाजत होती.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर यायला तीन आठवडे गेले, आणि आलं तेही एका ओळीचं: स्क्रू लावल्याच्या खुणा आहेत, परत घेता येणार नाही, याहून उंच काच घ्या. अहो, पण बफेटिंग कुठे होतंय, बसल्यावर डोळे कुठे येतात, हे एकदा तरी विचारा! मी थकले होते, म्हणून उंच काचही घेतली. थपडा थांबल्या, हे खरं. पण आता रस्ता काचेतूनच बघावा लागत होता. पाऊस आला की काचेवरचे थेंब आणि हेल्मेटच्या व्हायझरवरचे थेंब, असे दोन पडदे. विंडशील्डला वायपर नसतो. रात्री समोरच्या दिव्यांनी प्रत्येक ओरखडा चमकायचा. आणि पाठीवर वारा! काचेच्या आतल्या बाजूला लोकरीचा एक धागा चिकटवून बघितला, तर तो माझ्याकडे न येता काचेकडेच ओढला जात होता. उंच काचेमागे हवेचा दाब कमी होतो, म्हणून मागची हवा पुढे खेचली जाते.

तेव्हा तक्ता बाजूला ठेवला आणि मधली काच पुन्हा लावली. सरळ, रिकाम्या रस्त्यावर त्याच वेगात आधी थोडी वाकले, तर एकदम शांत. मग फूटरेस्टवर जोर देऊन जरा उठले, तर वारा वाढला पण थपडा गेल्या. म्हणजे सुटका दोन्हीकडे होती, मी नेमकी मधल्या खळबळीत बसले होते. मग सीटवर जाड घोंगडी घडी घालून पक्की बांधली. बसायची जागा 4 सेंटीमीटर वर जाणं आणि काच 4 सेंटीमीटर खाली येणं, हेल्मेटच्या दृष्टीने जवळपास एकच. तासभर चालवलं. पाटीवरची अक्षरं स्थिर होती. मला तिथेच रडू आलं, इतकं बरं वाटलं.

घरी येऊन काचेवर मास्किंग टेप लावली, रेघ मारली, बारीक दातांच्या पात्याने सावकाश कापली आणि कड पॉलिश पेपरने गुळगुळीत केली. आता कड माझ्या हनुवटीच्या रेषेत येते आणि रस्ता तिच्यावरून दिसतो. खालच्या स्क्रूंना जरा लांब स्पेसर, म्हणजे मध्ये अंतर ठेवणाऱ्या नळ्या, घालून काचेखाली फट ठेवली. तिथून आत येणाऱ्या हवेमुळे पाठीवरचा ढकलाही गेला.

काच किती उंच हवी ते मोजायचं असेल तर पूर्ण गियर घालून, बूट-हेल्मेटसकट बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा आणि कुणाला तरी बाइक सरळ धरायला सांगा. साइड स्टँडवर घेतलेलं माप चुकतं. मागे कुणी बसणार असेल तर त्यांनाही एकदा घेऊन जा, कारण तुमच्या डोक्यावरून गेलेली हवा त्यांच्या हेल्मेटवर आदळू शकते. स्क्रू आवळताना हात आवरा, भोकापाशी तडा जातो. काच पेट्रोलने किंवा खिडकीच्या काचेच्या क्लीनरने पुसू नका. भरपूर पाणी, सौम्य साबण, मऊ कापड. धूळ कोरडी पुसलीत तर ओरखडे कायमचे.

आणि कानात इअरप्लग घाला. काच अगदी बरोबर बसली तरी घाला, कारण हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचा आवाज कोणत्याही काचेने पूर्ण जात नाही. ती उंच काच अजून माळ्यावर पडून आहे.